लगेच ताबा

सतेज ढमढेरे यांचं स्टेटस
सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी उगवतं.
आधी गणपती, मग सुविचार,
मग टू बीएचके, आंबेगाव बुद्रुक.

मी त्यांना एकदाच फोन केला होता,
तीन वर्षांपूर्वी, भाड्याच्या घरासाठी.
तेव्हापासून मी त्यांचा 'मान्यवर ग्राहक'.
दिवाळीला मला सिंहगड रोडचा रो-हाऊस येतो,
फुलबाज्यांच्या चौकटीत.

'नदीकाठी' म्हणजे खिडक्या लावून घ्या,
एवढं मी आता शिकलोय.
पण 'हिंजवडी दहा मिनिटं'
हे त्यांनी बहुधा पहाटे तीनला
घारीच्या पाठीवर बसून मोजलं असावं.
माझ्या मावसभावाने एकदा विचारलं, पाणी कसं आहे?
म्हणाले, टँकरवाल्याचा नंबर देतो की,
स्वभावाने फार चांगला आहे.

मंगळवारी दूध तापत होतं.
स्टेटस आलं :
'प्रशस्त! हवेशीर! पूर्वाभिमुख!
धायरी. सुसंस्कृत शेजार. लगेच ताबा.'
मी फोटो मोठा करून बघितला.
काय उजेड! काय ती गॅलरी!
"वृंदा, घर असावं तर असं."
तिने चष्मा न लावताच सांगितलं,
"गॅलरीत तुझा टॉवेल आहे."

होता.
शिवाय माझी पंक्चर सायकल, तिचं ओव्याचं रोप,
आणि कोपऱ्यात, पाठमोरा, बनियनवर,
मोबाइलात मान घालून बसलेला मी,
बहुधा त्यांचंच स्टेटस बघत.
(मीटर बघायला म्हणून एक पोरगा आला होता खरा.)
दूध उतू गेलं.

घरमालक कुलथे म्हणाले,
"छे हो, विकतोय कुठे? बाजार कसाय ते नुसतं बघतोय."
ढमढेऱ्यांना म्हटलं, अहो, आम्ही राहतो तिथे!
ते क्षणभरही अडखळले नाहीत.
"मग तर उत्तमच, साहेब.
जागा दाखवायची कटकट नाही.
तुम्हाला कमिशन अर्धं."

रात्री आम्ही दोघं गॅलरीत उभे राहिलो.
वारा येत होता.
खरंच येत होता, तीन वर्षं येत असणार.
पूर्व कुठली, ते वृंदाने दाखवलं.
मी हळूच विचारलं, कर्ज किती बसेल गं?
ती टॉवेल काढून आत गेली.

सकाळी सहा वाजून चार मिनिटं.
गणपती. सुविचार.
तोच फोटो, तोच टॉवेल, तोच मी.
खाली फक्त एक ओळ वाढवलेली :
'फुल्ली फर्निश्ड.'