मागचं दार

शनिवारी सकाळी हिंगणघाटहून एसटीनं आलो,
मी, इंद्रनील आणि बाबा.
बाबांचं खरं तर ठरलं नव्हतं.
पण इंद्रनीलच्या वहीत नागपूरच्या दोन संग्रहालयांची नावं होती,
लाल स्केचपेननं, शेजारी चाकं काढलेली,
आणि बाबा म्हणाले, "मले सारे रस्ते मालूम हायेत."

नव्हते मालूम.
डोक्यावरून मेट्रो गेली तेव्हा
ते तिच्या खांबाला हात लावून थांबले,
एखाद्या अनोळखी बैलाला लावावा तसा.

पहिल्या संग्रहालयात एसी होता.
गाड्या फिरत्या चबुतऱ्यावर, खाली निळा उजेड,
फोटोसाठी कुठे उभं राहायचं ते जमिनीवर रंगवलेलं.
इंद्रनील तीन तास सापडला नाही.
बाबा दहा मिनिटांत बाहेर.
"ह्या चाललेल्याच नाहीत. टायर पाह्य त्यांचे."

दुसरं कामठी रोडला,
बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये.
वीस रुपये तिकीट, पत्र्यातून गळणारं ऊन,
डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या रेक्झिनचा वास.
अकरा गाड्या. सात झाकलेल्या.
आठवी पांढरी अँबॅसडर, मार्क टू, हँडगिअर,
बॉनेटवर कबुतरांनी केलेला हिशोब.

बाबांची ती नव्हती.
त्यांना नंबर पाठ आहे, अजून झोपेत बोलतात.
पण तशीच होती,
आणि ते दोरी ओलांडून तिच्याकडे गेले,
'हात लावू नये' या पाटीच्या पलीकडे.
मला वाटलं, स्टीअरिंगला हात घालतील.
ते डावीकडे गेले, मागच्या दाराशी,
खटका दाबला,
दार उघडून थोडे वाकले
आणि तसेच उभे राहिले.

इंद्रनील आत चढून बसला.
साहेबासारखा.
मी त्याला का ओरडले, मला अजून नीट सांगता येत नाही.

रात्री लॉजवर बाबा आपणहून म्हणाले,
"उद्या रविवार. चर्चला जाऊ."

सदरचं ते जुनं चर्च, दगडाचं.
मॅंगनीज कंपनीतल्या पिंटो साहेबांना
त्यांनी तिथे एकोणीस वर्षं नेलं, दर रविवारी.
चिंचेची सावली कुठल्या महिन्यात कुठवर सरकते,
कुठलं गाणं सुरू झालं की बिडी विझवायची,
थंडीत किती आधी इंजिन गरम करायचं,
सगळं सांगत होते. सूरसुद्धा गुणगुणले, शब्दांविना.
शब्द भिंतीतून कधी बाहेर आलेच नव्हते.

"आत कसं होतं?" इंद्रनीलनं विचारलं.
"मले काय मालूम."
"बोलावलं नाही कोणी?"
"एका नाताळाले बाईसाहेब म्हणल्या, ये सुखदेव.
पण गाडी कोण पाह्यणार?"

प्रार्थना संपून माणसं निघाली होती.
एक म्हातारी बाई फुलदाणीतलं पाणी बदलत होती,
तिनं नुसतं मान हलवून या म्हटलं.
बाबांनी चपला काढल्या. तिथे काढत नाहीत, मी सांगितलं,
तरी काढल्या, आणि जोडीनं नीट ठेवल्या,
दोन पार्किंगच्या रेषांमध्ये ठेवाव्यात तशा.

शेवटच्या बाकावर बसले.
रंगीत काचांचा जांभळा तुकडा त्यांच्या गुडघ्यावर पडला होता.
वेदीकडे त्यांनी पाहिलंही नाही.
मान वळवून दाराकडे, खिडक्यांकडे,
पुन्हा दाराकडे,
एक डोळा मिटून, आरशात बघावं तसं
काहीतरी मोजत राहिले.

मग म्हणाले, फार हळू,
"काहून वं बाई,
इथून तं गाडी दिसतच नाही."

मी काही बोलले नाही.
बाहेर इंद्रनील चिंचेखाली
तोंडानं गाडी रिव्हर्स घेत होता.
अडीचची बस होती. तर्री पोहे राहिले.
रिक्षा आली तेव्हा बाबा मागचं दार उघडायला गेले,
आणि रिक्षाला दार नव्हतं.