बापाचं नाव

बांबोळीच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या मनगटाला एक पट्टी आहे :
सगुण बाबल चोडणकर, वय सदुसष्ट.
समोरच्या खाटेवर
सगुण बाबय चोडणकर, वय सदुसष्ट.
तो डिचोलीचा, मी रायबंदरचा.
फरक एका अक्षराचा,
आणि त्याच्या मिशीचा.

सून म्हणाली, "मामा, सिस्टरांना सारखं विचारू नका,
राग येतो त्यांना."
मी मान हलवली.
बत्तीस वर्षं फेरीबोटीवर खलाशी होतो,
रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर.
धक्क्यावरच्या माणसाचा हात वर झालेला दिसल्याशिवाय
रॅम्पची साखळी सोडायची नाही.
स्कूटरवाले हॉर्न वाजवायचे, आयमाय काढायचे.
काढू देत. घाई ज्याला, त्याने पोहत जावं.

पेनिसिलिन मला चालत नाही.
तरुणपणी एकदा टोचलं,
तर अंगभर पित्ताच्या गांधी, घसा आवळलेला,
आईने तुळशीपुढे दिवा लावून ठेवला होता.
हे सगळं नाही, फक्त पहिली ओळ
सुनेकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतली
आणि खाटेच्या लोखंडाला बांधली.
संध्याकाळी तिनेच त्यावर
माझा ओला टॉवेल वाळत घातला.

रात्री दोन.
नवी मुलगी, क्लारिना, सलग दुसरी पाळी,
हातात ट्रे, डोळे अर्धे घरी.
"सगुण चोडणकर?"
"हय," म्हणालो मी, झोपेतच.
तिची बोटं सलाईनच्या नळीपर्यंत आली.
तेवढ्यात डिझेलचा वास आला.
स्पिरिटचाच असणार, पण मला डिझेलचा आला,
आणि मी जागा झालो.
"बाये, बापायचें नांव वाच."
तिने चिठ्ठी दिव्याकडे धरली.
"बाबय."
"म्हजो बापूय बाबल."
समोर मिशी घोरत होती.

मी टॉवेल बाजूला केला.
कागद वाचून ती स्टुलावर बसली,
सुई ट्रेमध्ये ठेवताना कितीतरी वेळ वाजत राहिली.

मी ओरडलो नाही.
ओरडायचा हक्क मला नाही.
एकदा, शेवटच्या फेरीला, काळोखात,
हात दिसला असं वाटलं मला. वाटलं फक्त.
साखळी सोडली.
बोट अजून वावभर लांब होती
आणि एक स्कूटर आधीच निघाली होती.
माणूस वाचला. पाय वाचला नाही.
वहीत आम्ही लिहिलं, धक्का निसरडा होता.
हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही, ती गेली तोवर.
क्लारिनाला सांगितलं, दोन वाजून वीस मिनिटांनी.
"तूं लिही," म्हटलं,
"जें जालें तें बरय. निसरडें बरोवं नाका."

तिने लिहिलं. दिव्याखाली, पानभर.
मग हात धुतले, मघाशी धुतलेलेच, पुन्हा,
आणि दुसऱ्या सगुणला हलवलं :
"तुमचें पुराय नांव?"
तो भडकला. "सकाळपासून सातव्यांदा सांगतोय!"
"आठव्यांदा सांग," मी या खाटेवरून म्हणालो,
"बापासकट."

पहाटे लघवीला लागली.
एक चप्पल सापडली, दुसरी खाटेखाली लांब.
लादी नुकतीच पुसलेली, फिनेलने चकाकणारी.
संडासाचं दार दहा पावलांवर.
डुलत्या लोखंडावर उभं राहून
बिडी पेटवणारा माणूस मी.
पाय खाली सोडले.
वर घेतले.
घंटी दाबली.
लाज वाटली थोडी, खोटं कशाला सांगू.
खाटेचा कठडा धरून बसलो,
दारातून कुणाचा तरी हात वर होईपर्यंत.