तिसरी निवड

मागच्या हंगामात आम्ही शेवटून पहिले,
म्हणून यंदा पहिली चिठ्ठी आमची.
किटवाल्या पाश्कूला हा नियम काही पटत नाही:
"हरणाऱ्याक आधी वाढतत? खंयचां जेवाण ह्यां?"

वेंगुर्ल्याच्या बर्फ कारखान्यावरची खोली.
खाली लाद्या फुटतायत, वर पंखासुद्धा बंद,
भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड, उजेडात एक पाल.
तन्मयीबाई, थोरल्या शेठची पुतणी.
शेठ गेले तेव्हा क्लब, दोन ट्रॉलर आणि कोर्टातला एक दावा
सगळं एकाच पाकिटातून त्यांच्याकडे आलं.
ट्रॉलर त्यांनी विकले.
आम्हाला का ठेवलं, कोणी विचारलेलं नाही.

नवे कोच सरनोबत, कोल्हापूरचे.
पहिल्या दिवशी मैदानात वाकून
चिमूटभर माती जिभेला लावली, थुंकले,
म्हणाले, "खारी हाय. बॉल उशिरा उठणार."
दुमिंग सरांच्या खुर्चीत बसल्याबद्दल
मी त्यांना तिथेच अर्धं माफ केलं.

मी गोलकीपरांचा कोच. अकरा वर्षं.
जुन्या राजवटीतला उरलेला.
त्यांच्या समोरच्या कागदावर माझं नाव पेन्सिलीत आहे,
हे मी टेबलापलीकडून, उलटं, वाचलं.

पहिली निवड: मिझोरामचा बचावपटू. हरकत नाही.
दुसरी: एक डावखुरा. त्याचा गुडघा
बाईंनी पडद्यावर इतका मोठा करून दाखवला
की मला बंदरावरची सुरंगा आठवली,
कल्ला उचलून, नाक लावून, सुरमई परत टाकणारी.
डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. दोन हंगाम चालेल."

तिसरी गोलकीपरची.
माझ्या वहीत एकच नाव, तीन महिने गिरवलेलं:
मंथन तांडेल, वय एकोणीस.
पडद्यावर त्याची उंची लाल रंगात आली.
मी उभा राहिलो. बसूनही चाललं असतं.
सांगितलं, रापण ओढून झालेले खांदे बघा,
सांगितलं, कॉर्नरआधी वारा कुठून येतोय
हे त्याला झेंडा न बघता कळतं,
सांगितलं, गावातली चारशे माणसं
फक्त त्याच्यासाठी तिकीट काढतील.
इथे बाईंनी लॅपटॉपमधून वर पाहिलं.

सरनोबत म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या, मास्तर.
ऐंशीवं मिनिट. एक-शून्य. डावीकडनं क्रॉस.
दोन धिप्पाड गडी अंगावर.
लाईन सोडून बाहेर येतंय का पोरगं?"

खाली एक लादी मशीनमधून गेली.

सावंतवाडीचा सामना. तो बाहेर आला होता.
आला, आणि अर्ध्यात थांबला,
हात वर, कुणाला तरी थांबवल्यासारखा,
आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून सावकाश.
ते मी वहीत लिहिलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "यंदा नाही."

केरळचा घेतला. सहा फूट दोन.
मला वाटलं, आता तरी माझ्या नावावर शाई फिरेल.
सरनोबतांनी पेन्सिलीनं कान खाजवला
आणि चौथी निवड पुकारली.

संध्याकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती.
बातमी माझ्याआधी पोचलेली.
"कोण घेतल्यानी?"
"केरळचो."
"उंच आसा?"
"आसा."
"बरां," मंथन म्हणाला, आणि थोड्या वेळानं,
"माणसां कमी आसत. धरतास?"

चपला काढल्या. दोर धरला.
ओला काथ्या तळहातात जुन्या ओळखीसारखा रुतला.
नाही कोणी म्हटलं, ते त्यानं विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही, आणि दहा पावलांत माझा दम गेला.
पुढून, मागे न बघता, तो ओरडला:
"मधीच थांबू नकात, मास्तर!"

जाळ्यात दोन टोपल्या तारली,
आणि कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.