तोंड येऊ नये म्हणून

"आ करा, दोना लिंदाल्वा. अजून थोडा."
गालाच्या आत पहिला ठिपका.
पेनाएवढं यंत्र, टोकाला लाल उजेड,
दहा सेकंद, मग टिंग.
दोघींच्या डोळ्यांवर हिरवे चष्मे,
वेल्डिंगच्या दुकानात बसल्यासारख्या.

परवा तिच्या शिरेतून ते औषध जाईल
जे बरंवाईट निवडत बसत नाही.
त्याआधी, आणि मग रोज,
मी उजेडाचे टाके घालत जाते
ओठ, गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली,
फाटायच्या आधीच.

"गरम का नाही लागत?" दोन टिंगच्या मध्ये ती विचारते.
"लागू नयेच."
"मग कसला हा रस्सा!"

बेलेंच्या बंदराजवळ, कोपऱ्यावर
एकतीस वर्षं ती ताकाका विकते :
कसाव्याच्या पिवळ्या पाण्याचा आंबट कढ, चिकट खळ, मूठभर सोडे
आणि जांबूची पानं, जी चावली
की जिभेला मुंग्या येतात, ओठ आपले राहत नाहीत.
"तोंड बधिर करायचं तर माझ्याकडे यावं, पोरी.
तुझ्या दिव्याला मीठ नाही."

शिकत असताना मी तिच्याकडे उधारीवर प्यायलेय.
सतरा वाट्या.
तिला आठवत नाही. मीही काढलेलं नाही.

शेजारच्या खोलीतल्या एदिमारला
माझ्याकडे पाठवायला उशीर झाला.
त्याचं तोंड आधीच आलेलं.
पाण्याचा घोट घेताना तो भिंत धरतो,
भिंत धरून माझ्याकडे बघतो.

नवव्या दिवशी तिच्या जिभेच्या कडेला
पांढरा डाग.
मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"बोल."
"कणी आहे. तांदळाएवढी."
"एकच? मग बघत काय बसलीस,
दिवा लाव."

अकराव्या दिवशी भाच्याने तिची कुया आणली,
करवंटीची काळी वाटी,
उकळून, पुसून, पिशवीत बंद, रिकामी.
भरलेली आणायला मनाई होती.
तिने पिशवी उघडली, नाक आत घातलं,
बराच वेळ बाहेर काढलं नाही.
मग गिळलं काहीतरी.
आवंढाच असणार.
मी तिचा चेहरा पाहत होते,
कुठे आखडतो का.

वाटी मांडीवर पालथी घालून
तिने आपणहून आ केला.
कणी तिथेच होती.
वाढली नव्हती.