निरोगी बेणं

सामास्सीच्या रानात, ऑगस्टच्या उन्हात
दोन्ही बेणी शेजारी शेजारी लावली.
डावीकडे सिसिन्नियोचं,
जुन्या गड्ड्यांचे मुनवे, मुळाची माती न झटकलेले.
उजवीकडे माझं, काचेच्या नळीत वाढवलेलं,
शेंड्याच्या टाचणीएवढ्या टोकापासून,
जिथवर विषाणू पोचत नाही.

त्याच्या पानांवर पिवळे चट्टे, कडा मुरडलेल्या.
माझी पानं रुंद, करडी,
इस्त्रीतून काढल्यासारखी.
मी वहीत लिहिलं: जोम उत्तम.
सिसिन्नियो बांधावर चाकूला धार लावत होता.
"देखणं आहे," म्हणाला. एवढंच.

सतरा नोव्हेंबरला डावीकडे पहिलं बोंड,
मूठभर, जांभळट, काट्यांची टोकं पिवळी.
डिसेंबरात त्याच्या पेट्या काल्यारीला गेल्या
नाताळच्या भावाने.
उजवीकडे पानंच पानं.
मी रोज गुडघे टेकून गाभ्यात बोट घालायची,
बाळाचा पहिला दात चाचपावा तसं.
जानेवारी.
फेब्रुवारी.
मार्चमध्ये सगळी एकदम आली,
टपोरी, एकसारखी, बिनडागाची,
आणि बाजारात आर्टिचोकला कुत्रं विचारत नव्हतं.

"आजारी माणूस पहाटे उठतो, खोकल्याने,"
सिसिन्नियो म्हणाला.
"तू खोकला काढलास. आता ते झोपतंय."

तक्त्यात हेक्टरी वजन उजवीकडे दीडपट,
इन्युलिन जास्त, मर रोग नाही.
फक्त तारखांचा रकाना
माझ्याकडे बघून हसत होता.
डॉक्टर पिल्लोनी फोनवर म्हणाल्या,
जिबरेलिन फवारून बघ.
मग म्हणाल्या, नाहीतर थांब,
दोन-तीन वर्षांत शेतच त्याला घाई शिकवेल,
कदाचित.
"कदाचित"ला अहवालात रकाना नसतो.

जूनमध्ये माझी न विकलेली बोंडं फुलली,
निळी, मधमाश्यांनी गजबजलेली.
तेवढ्या वाफ्याचा फोटो मी काढला नाही.

पुढल्या ऑगस्टात रोपं मोजताना
सिसिन्नियोच्या तिसऱ्या ओळीत
एक रोप निराळं दिसलं: रुंद पान, चट्टा नाही.
मी त्याच्याकडे पाहिलं.
तो ठिबकची नळी सरळ करत होता, तीही आधीच सरळ असलेली.
"इथे मावा आहे," मी म्हटलं, "महिन्याभरात रोग लागेल त्याला."
"लागू दे की," तो म्हणाला,
"बेणंच ते. संगतीने शिकेल."

वहीत मी त्या ओळीत चाळीस रोपं लिहिली.
होती एकेचाळीस.