मोपा ते हैदराबाद

अंतर प्रज्योतने सांगून ठेवलंय:
साडेपाचशे किलोमीटर, सव्वा तास.
किलोमीटर सुमतीबायला पेडण्यापर्यंतच कळतात,
पुढचे सगळे सारखे.

सव्वा तास मात्र ओळखीचा.
उकड्या तांदळाची पेज, मंद जाळावर.

काजूंच्या माथ्यावरून विमान गेलं
की ती मडकं चढवते.
मडकं उतरतं, फोन वाजतो,
"आई, पोचलो."

काल पेज आटली,
पाणी घातलं, परत आटली,
मग करपली.
तिकडे उतरायला जागा नव्हती म्हणे,
विमान वरच्या वर फेऱ्या घालत होतं.

"उशीर झाला गं."
"असू दे. जेवलास?"

फोन ठेवून तिने
तळाचं काळं खरवडलं
आणि त्याच्याच वाडग्यात
वाढून घेतलं.