चावी

जिनिव्हाच्या एका तळघरातून गाडी उचलायची,
सिम्प्लॉनचा घाट ओलांडून मोदेनाला पोचवायची.
काम एवढंच.
बावीस वर्षं मी बंद ट्रकातून
लोकांचा वेग वाहून नेतोय,
ताशी ऐंशीच्या चालीनं.

मादाम वोतिएनी स्वतः दार उघडलं.
आच्छादन ओढलं तर गाडी लाल नव्हती.
ओल्या पाटीसारखी करडी,
आणि इतकी बुटकी
की वाकल्याशिवाय कुणाला आत शिरता येऊ नये.
घेतल्यापासून एकोणीस वर्षांत
एकशे बारा किलोमीटर.
"रविवारी येऊन बसायचे आत," त्या म्हणाल्या,
"दिवा न लावता. चालू नाही करायचे."
मग पर्समधून रुमालाची गाठ काढली.
"वाट थोडी वाकडी करा, हे ल सांतिएला द्या.
बंद पडलंय.
म्हणजे, चालू कधी केलंच नव्हतं."

ल सांतिएत गुडघाभर बर्फ.
सोलांज मेलां खिडकीशी, डोळ्याला भिंग.
मागचं झाकण उघडून मला जवळ बोलावलं:
"ही कड मी घासलीय. विशीत होते तेव्हा.
जेन्शनच्या वाळल्या काडीनं, नऊ दिवस."
भिंगातून एक रेघ चमकली,
पहाटे दाराच्या फटीतून दिसावा तसा उजेड.
मी म्हटलं, झाकण तर पोलादाचं,
दिसणार कुणाला हे?
ती माझ्याकडे बघत राहिली,
जणू मी विचारलं होतं
झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं कशाला करायचं.

तेल बदलायला दोन दिवस घेतले तिनं.
गाडी ट्रकात, ट्रक बर्फात, मी तिच्या भाच्याच्या खानावळीत.
निघताना घड्याळ माझ्याच मनगटावर बांधलं.
"पेटीत पुन्हा मरेल.
रोज सकाळी चावी द्या, परत नेऊन देईपर्यंत."
घाटात माझ्या दोन हातांवर दोन वेळा:
पेट्रोलपंपावर घेतलेलं प्लास्टिकचं बिनचूक,
आणि हे, ज्याच्या किमतीत माझं घर येईल,
दिवसाला चार सेकंद मागे.
तरी लाल दिव्यापाशी थांबलो की
बघत मी त्यालाच होतो.

मोदेनात एर्मेस ग्वाल्दीनं बॉनेट उघडलं
आणि मेलेल्या माणसाला शिव्या घातल्या.
"नुसता बसायचा? मग चर्चमधे बसायचं होतं!"
टाकीतलं पेट्रोल व्हार्निशसारखं झालेलं.
चार दिवस. मालकाचे तीन फोन. मी म्हटलं, टायर बसलाय.
एर्मेस कानाला रबरी नळी लावून
एकेका कार्बोरेटरचा श्वास ऐकायचा,
बारीक स्क्रू केसभर फिरवायचा,
नाक मुरडायचा, केसभर मागे.
मला सगळे श्वास सारखेच वाटत होते.

पाचव्या दिवशी त्यानं चावी माझ्या हातात दिली.
"तू आणलीस, तूच उठव."

आधी खोकला. मग पुन्हा खोकला.
मग जे आलं त्याला आवाज म्हणू नये;
भिंतीवरचे पाने थरथरले,
डायलवरचा काटा उठला
आणि माझ्या अंगावरचाही.
आम्ही जागचे हललो नव्हतो.
गाडी गॅरेजातच होती, गिअर मोकळा.
तेव्हा वाटलं, तो रविवारी
कशाजवळ येऊन बसत असेल ते थोडं कळलं.
चालू का करत नसेल, ते मात्र नाही.

मादामना फोन लावला.
एर्मेसनं तो सायलेन्सरपाशी धरला, मिनिटभर.
पलीकडून काही नाही.
मग, "घरात हा आवाज कधी आलाच नाही हो."
मग बऱ्याच वेळानं, "आणि घड्याळ?"

मी इंजिन बंद केलं.
मनगट फोनला टेकवलं.
एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नाही.
एर्मेस हात पुसत उभा होता,
दारातून गव्हाच्या शेतांवरचं धुकं आत येत होतं,
तापलेलं लोखंड निवताना
टक्, टक्, करत होतं,

आणि त्यांनी फोन ठेवला नव्हता.